मल्हारराव गायकवाड: चौकशी एका आरोपाची, शिक्षा दुसऱ्याच कारणासाठी

१९ एप्रिल १८७५ रोजी हिंदुस्थान सरकारने बडोद्याच्या गादीसंबंधी एक जाहीरनामा काढला. मल्हारराव गायकवाड यांना पदच्युत करण्यात येत असल्याचे त्यात जाहीर केले होते आणि त्यांच्या संततीलाही बडोद्याच्या राज्यावरील सर्व हक्कांना कायमचे मुकावे लागेल, असे म्हटले होते. ब्रिटिश रेसिडेंटवर विषप्रयोग करविल्याच्या आरोपाची चौकशी त्याआधीच्या महिन्यात एका उच्चाधिकार आयोगाने केली होती. परंतु आपला निर्णय त्या आयोगाच्या अहवालावर आधारलेला नाही आणि आरोप सिद्ध झाला असे गृहीत धरूनही तो घेतलेला नाही, असे जाहीरनाम्यात स्पष्ट शब्दांत नमूद केले होते. निर्णयाचा आधार म्हणून महाराजांचे कुप्रसिद्ध वर्तन, राज्यकारभारातील घोर अनागोंदी आणि सुधारणा अमलात आणण्याची उघड असमर्थता ही कारणे दिली होती.

गेली अनेक वर्षे मी निकालपत्रे वाचतो आहे. ज्या आरोपावर साक्षीपुरावे झाले तो बाजूला ठेवायचा आणि ज्याची त्या वेळी सुनावणीच चालली नव्हती त्या कारणाखाली शिक्षा ठोठावायची, असा दुसरा दस्तऐवज माझ्या पाहण्यात नाही. म्हणून मल्हाररावांची कथा केवळ वडोदऱ्याच्या मराठी मंडळींची राहत नाही. आयोग, अहवाल आणि निर्णय या तीन शब्दांशी ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्या संबंध आला आहे, त्या सीमाभागातील वाचकांनीही ती नीट समजून घेण्यासारखी आहे.

आरंभीच सांगून टाकतो: मल्हारराव हे काही आदर्श राजे नव्हते. थोरले बंधू खंडेराव गादीवर असताना त्यांच्या जिवावर उठल्याच्या आरोपावरून १८६३ पासून मल्हाररावांना पादऱ्याला कैदेत ठेवण्यात आले होते. नोव्हेंबर १८७० मध्ये खंडेराव वारले आणि कैदेतला हा भाऊ एकदम राज्याचा धनी झाला. खंडेरावांच्या राणी जमनाबाई तेव्हा गरोदर होत्या. मुलगा झाला असता तर गादी त्याची झाली असती. १८७१ च्या जुलैमध्ये मुलगी झाली आणि मल्हाररावांचे आसन पक्के झाले. जमनाबाई पुढे पुण्यास जाऊन राहिल्या.

सत्ता हाती येताच जुने हिशेब चुकते करण्याचे सत्र सुरू झाले. खंडेरावांच्या मर्जीतली माणसे पकडली गेली. त्यांचे कारभारी भाऊ शिंदे तुरुंगात मरण पावले आणि ते विषप्रयोगाने मेले असा बोभाटा झाला. सरदार आणि शिलेदार यांची उत्पन्ने कापली गेली, सावकारांना नागवले गेले आणि रयतेवर नजराण्याचे ओझे वाढले. थोरल्या भावाने चांदीच्या तोफा ओतविल्या होत्या, म्हणून धाकट्याने सोन्याच्या ओतविल्या. त्या तोफांचे कौतुक आजही सांगितले जाते. मला मात्र त्या पाहिल्या की त्यांच्यासाठी कुठल्या परगण्यातल्या कुणब्याचा सारा गेला असेल, असा विचार मनात येतो.

मार्च १८७३ मध्ये कर्नल रॉबर्ट फेअर हे बडोद्याचे रेसिडेंट म्हणून आले. अन्यायाविषयी चीड असलेला, परंतु संयमाचा गंधही नसलेला हा लष्करी गृहस्थ होता. तक्रारदारांची रीघ रेसिडेन्सीकडे लागली आणि फेअर ती प्रत्येक तक्रार मुंबई सरकारकडे धाडू लागले. त्यातून कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखाली चार सदस्यांचा पहिला आयोग नेमला गेला. हा आयोग कारभाराच्या चौकशीसाठी होता. त्याच्या अहवालावर व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी २५ जुलै १८७४ रोजी महाराजांना लेखी कळविले की, ३१ डिसेंबर १८७५ पर्यंत कारभार सुधारावा, न सुधारल्यास परिणामांस तयार राहावे. वाचकांनी ही मुदत लक्षात ठेवावी. तिच्यापाशी आपल्याला परत यायचे आहे.

सुधारणेसाठी मल्हाररावांनी दिवाण म्हणून बोलावले ते दादाभाई नौरोजींना. दादाभाईंनी आपल्याबरोबर मुंबईची शिकलेली माणसे आणली आणि कामाला आरंभ केला. परंतु फेअर यांचा त्यांच्यावर विश्वास बसेना. दिवाण एक गोष्ट ठरवी आणि रेसिडेन्सीतून दुसरीच सूचना येई. त्यातच मल्हाररावांनी १८७४ च्या मे महिन्यात नवसारीला लक्ष्मीबाईंशी लग्न केले. त्या लग्नाच्या वैधतेवरून वाद उठला. ऑक्टोबरमध्ये लक्ष्मीबाईंना मुलगा झाला, तेव्हा रेसिडेंटने त्या जन्माला मान्यता देण्याचे टाळले. अखेर २ नोव्हेंबर १८७४ रोजी महाराजांनी व्हाइसरॉयांना खलिता लिहून फेअर यांची बदली मागितली. सात दिवसांनी विषाचे प्रकरण घडले.

सकाळची रपेट करून आल्यावर पपनसाच्या रसाचे सरबत घेण्याचा फेअर यांचा रिवाज होता. ९ नोव्हेंबरला त्यांनी दोन-तीन घोट घेतले, पोटात कसेसेच झाले म्हणून उरलेले ओतून दिले आणि पेल्याच्या तळाशी गाळ पाहिला. रेसिडेन्सीच्या डॉक्टरांनी आणि नंतर मुंबईच्या रासायनिक परीक्षकांनी तो गाळ तपासला. त्यात सोमल आणि हिऱ्याची पूड आढळल्याचा निष्कर्ष निघाला. हिरकणी खाल्ली की माणूस मरतो, ही आपल्याकडची जुनी समजूत. त्यामुळे हिऱ्याची पूड निघताच संशयाची दिशा राजवाड्याकडे वळणे स्वाभाविक होते. जवाहीर घरात असते ते राजाच्या.

नॉर्थब्रुक यांनी त्याच महिन्याच्या अखेरीस फेअर यांना हलविले आणि सर लुइस पेली यांना बडोद्यास पाठविले. म्हणजे मल्हाररावांनी सनदशीर मार्गाने जे मागितले होते ते त्यांना मिळाले. परंतु तोपर्यंत मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर तपासासाठी दाखल झाले होते. रेसिडेन्सीचा हवालदार रावजी याने माफीच्या वचनावर कबुली दिली. त्याच्या पट्ट्यातून एक पुडी निघाली. नरसू जमादारानेही कबुली दिली आणि नंतर विहिरीत उडी टाकली. रेसिडेन्सीतली आया अमिना राजवाड्यात जात-येत असे, हे पुढे आले. १३ जानेवारी १८७५ रोजी जाहीरनामा निघाला आणि १४ तारखेला महाराजांना अटक झाली. दादाभाई त्याच महिन्यात राजीनामा देऊन मोकळे झाले होते. महाराजांचे खाजगी चिटणीस दामोदरपंत हेही पहाऱ्यात गेले आणि काही दिवसांनी माफीचे साक्षीदार होऊन बाहेर आले.

चौकशीसाठी सहा जणांचा आयोग नेमला गेला. अध्यक्ष होते बंगालचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काऊच. त्यांच्याबरोबर सर रिचर्ड मीड आणि फिलिप मेलव्हिल हे दोन इंग्रज अधिकारी बसले. मीड यांनी मल्हाररावांच्या कारभारावर प्रतिकूल अहवाल वर्षभरापूर्वीच दिलेला होता, आणि त्यांनाच आता त्या राजावरील फौजदारी आरोपाचे न्यायकर्ते म्हणून बसविले गेले. आज एखाद्या न्यायाधीशाने असे प्रकरण स्वीकारले तर पहिल्याच तारखेला वकील उभा राहील. हिंदी सदस्य तीन होते: ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि राजा सर दिनकरराव. दिनकरराव हे मूळचे रत्नागिरीकडच्या देवरुखचे आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण. म्हणजे सहांपैकी दोघे मराठी होते आणि आरोपीही मराठी.

२३ फेब्रुवारीला काम सुरू झाले. सरकारतर्फे मुंबईचे अ‍ॅडव्होकेट जनरल स्कोबल होते. महाराजांच्या बाजूने विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन यांना आणले गेले. टिचबोर्न वारशाच्या गाजलेल्या दाव्यातले हे नामांकित वकील. त्यांच्या फीचे आकडे तेव्हा पेठापेठांतून चघळले जात होते. बॅलंटाइन यांना मराठी, गुजराती वा हिंदुस्थानी यांतले अक्षरही येत नव्हते. प्रश्न इंग्रजीत, त्याचे भाषांतर, उत्तर देशी भाषेत, मग पुन्हा भाषांतर, अशी प्रत्येक साक्ष चाले. उलटतपासणीची सारी शक्ती प्रश्नाच्या वेगात असते. साक्षीदाराला विचार करायला उसंत मिळू नये, हे तिचे मर्म. दुभाषी मध्ये उभा राहिला की प्रत्येक प्रश्नामागे साक्षीदाराला अर्धा मिनिट आयताच मिळतो. सीमाभागातल्या न्यायालयांत साक्षीदार एका भाषेत बोलतो आणि जबानी दुसऱ्या भाषेत उतरते, हा अनुभव घेतलेल्या माझ्या सहकाऱ्यांना याहून अधिक सांगायला नको. समोर बसलेल्या मल्हाररावांना तर इंग्रजी येत नव्हते. आपल्यावरील खटल्यातला आपल्याच वकिलाचा युक्तिवाद त्यांना परक्याच्या तोंडून ऐकावा लागला.

तरीही बॅलंटाइन यांनी पुराव्याला खिंडारे पाडली. रावजीच्या पट्ट्यातली पुडी सापडली ती पोलिसांच्याच माणसाला, आणि तीही रावजीने कबुली दिल्यानंतर. ज्याने हिरे पुरविले असे म्हटले जात होते, त्या हेमचंद जवाहिऱ्याने आयोगापुढे येऊन आधीची जबानी धुडकावली. पोलिसांनी दटावून ती घेतली होती, असे त्याने सांगितले. दामोदरपंतांची साक्ष सर्वांत महत्त्वाची होती, कारण विष मिळविण्याची आज्ञा महाराजांनी दिली हे सांगणारा राजवाड्यातला माणूस तोच होता. परंतु तो गोऱ्या शिपायांच्या पहाऱ्यातून आणि माफीच्या आश्वासनावर आलेला साक्षीदार होता. शिवाय स्वतः महाराजांच्या पैशांचा हिशेब ठेवणारा असल्याने त्याला आपली कातडी वाचवायची होती.

येथे थोडे कायद्याचे बोलणे क्रमप्राप्त आहे. हिंदी पुरावा कायदा १८७२ सालचा, म्हणजे या चौकशीच्या तीनच वर्षे आधीचा. त्याच्या कलम १३३ मध्ये साथीदाराच्या साक्षीवर दिलेली शिक्षा तेवढ्याच कारणाने बेकायदेशीर ठरत नाही असे म्हटले होते, तर कलम ११४ च्या एका उदाहरणात, महत्त्वाच्या तपशिलांत पुष्टी मिळाल्याशिवाय साथीदार विश्वासपात्र नाही असे न्यायालय गृहीत धरू शकते, असे सांगितले होते. या दोन कलमांचा मेळ घालण्यात आमच्या वकिलांच्या पिढ्या गेल्या. त्यातून जे तत्त्व रूढ झाले ते साधे आहे: एका साथीदाराच्या साक्षीला दुसऱ्या साथीदाराच्या साक्षीने पुष्टी मिळत नाही. बडोदे संस्थानात तो कायदा लागू नव्हता आणि आयोग म्हणजे न्यायालयही नव्हते. तथापि अध्यक्ष मुख्य न्यायाधीश होते. रावजी, नरसू आणि दामोदरपंत यांची बोटे महाराजांकडे वळत होती खरी. त्या तिघांना वगळून महाराजांपर्यंत पोहोचणारा स्वतंत्र दुवा कोणता, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मला सापडलेले नाही.

मल्हाररावांनी हे केलेच नाही, असे माझे म्हणणे नाही. त्यांचा पूर्वेतिहास पाहता त्यांच्याकडून हे अशक्य होते असेही मी म्हणणार नाही. फेअर यांची बदली मागणारा खलिता नुकताच रवाना झालेला असताना त्याच आठवड्यात त्यांना विष घालण्यात काय लाभ, हा बचावाचा मुद्दा वजनदार आहे. पण मल्हाररावांची प्रत्येक कृती शहाणपणाची होती असेही नाही. सिद्ध होणे म्हणजे काय, एवढाच प्रश्न आहे.

आयोग बरोबर मधोमध दुभंगला. काऊच, मीड आणि मेलव्हिल या तिघांनी विषप्रयोगाला महाराजांची चिथावणी होती असे मत दिले. शिंदे, रामसिंह आणि दिनकरराव यांनी हा गंभीर आरोप शाबीत होत नाही, असे मत नोंदविले. रेसिडेन्सीच्या नोकरांकडून बातम्या काढणे, त्यांना बक्षिसी देणे अशा किरकोळ गोष्टींपलीकडे काही सिद्ध झाले, असे दिनकररावांना वाटले नाही.

या विभागणीकडे पाहून, देशी लोकांनी देशी राजाला पाठीशी घातले, असे तेव्हा अनेक इंग्रजांनी म्हटले आणि नंतरही म्हटले गेले. हे तिघे कोण होते ते पाहिले म्हणजे या म्हणण्याचा पोकळपणा दिसतो. १८५७ मध्ये ग्वाल्हेरची फौज बंडात सामील झाली असताना जयाजीराव कंपनी सरकारशी एकनिष्ठ राहिले आणि त्यांना त्या वाटेवर ठेवणारे दिवाण होते दिनकरराव. जयपूरचे रामसिंहही त्या वर्षी इंग्रजांच्याच बाजूला होते. सरकारने या तिघांना निवडले ते याच कारणाने. आपल्या निष्ठेची किंमत ज्यांनी पुरेपूर वसूल केली होती आणि जी गमावण्याचे ज्यांना काहीच कारण नव्हते, त्या माणसांनी सरकारला नको असलेले मत लिहून दिले. ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून १८५७ मधील शिंद्यांच्या भूमिकेविषयी अजूनही खाली मान घालून बोलले जाते. १८७५ मधल्या या मताची आठवण तेथे कमी निघते, ती निघायला हवी.

तीन विरुद्ध तीन. असे झाले की संशयाचा फायदा आरोपीला, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. हिंदुस्थान सरकारचे मत मात्र इंग्रज सदस्यांकडे झुकलेले होते. लंडनमध्ये भारतमंत्री लॉर्ड सॉल्सबरी अधिक धूर्त निघाले. तीन हिंदी सदस्यांचे मत फेटाळून शिक्षा दिली, तर ज्या संस्थानिकांच्या भरवशावर राज्य चालवायचे तेच दुखावतील. निर्दोष सोडले तर रेसिडेंटचा दरारा संपेल. म्हणून विष बाजूला ठेवावे आणि गैरकारभारासाठी काढावे, असा मार्ग निघाला. आरंभी उल्लेखिलेला जाहीरनामा हे त्याचे फळ.

आता ती मुदत आठवावी. गैरकारभार सुधारण्यासाठी व्हाइसरॉयांनीच ३१ डिसेंबर १८७५ पर्यंत वेळ दिला होता. पदच्युती झाली एप्रिलमध्ये. आठ महिने शिल्लक होते, त्याआधीचे तीन महिने महाराज अटकेत होते, आणि सुधारणा करायला आणलेल्या दिवाणाला रेसिडेन्सीने काम करू दिले नव्हते. दिवाणी दाव्यातसुद्धा मुदतीपूर्वी वसुलीला गेलेल्या सावकाराला न्यायालय परत पाठविते.

साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंहांची आठवण येथे येणे अपरिहार्य आहे. त्यांच्यावर गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा, कंपनीच्या पलटणीतील देशी अंमलदारांना फितविल्याचा आणि नागपूरच्या पदच्युत अप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार केल्याचा आरोप होता. १८३६ च्या गुप्त चौकशीतील पुराव्याच्या नकला त्यांना मिळाल्या नाहीत. अपराध कबूल करा, म्हणजे राज्य राहील, असे गव्हर्नर कारनॅक यांनी सांगितले, तेव्हा त्यांनी नकार दिला आणि सप्टेंबर १८३९ मध्ये त्यांना काशीला धाडण्यात आले. त्यांचे वकील रंगो बापूजी चौदा वर्षे लंडनमध्ये दाद मागत राहिले. प्रतापसिंह तोवर, १८४७ मध्ये, काशीतच वारले होते. प्रतापसिंहांना सुनावणी मिळाली नाही. मल्हाररावांना विलायती वकील, खुली चौकशी, मुख्य न्यायाधीश असे सारे मिळाले. व्यक्ती म्हणून दोघांत जमीन-अस्मानाचे अंतर होते, प्रतापसिंह खरोखरच कर्तबगार राजे होते. अखेर मात्र दोघांची एकच झाली.

एक मोठा फरक तरीही पडला. सातारा १८४८ मध्ये वारस नामंजूर करून खालसा झाला. बडोदे खालसा झाले नाही. मध्ये १८५७ घडून गेले होते आणि संस्थाने न गिळण्याचे वचन राणीच्या जाहीरनाम्यात दिले गेले होते. लक्ष्मीबाईंच्या अर्भकाचा हक्क गेला, पण गादी राहिली. पुण्याहून जमनाबाईंना परत आणण्यात आले. त्यांनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या गायकवाडांच्या घरातला गोपाळ हा मुलगा निवडला आणि २७ मे १८७५ रोजी त्याचे दत्तविधान होऊन तो सयाजीराव झाला. पुढे वडोदऱ्यात मराठी शाळा, ग्रंथमाला, साहित्यसभा उभ्या राहिल्या, मराठी माणूस तेथे मानाने राहिला आणि गुजराती शेजाऱ्यांशी त्याचे सख्य टिकले. याच्या मुळाशी ही गादी आहे. सयाजीरावांचे गुणगान करताना आपण त्यांच्या आधीचे प्रकरण झाकून ठेवतो. संस्थानी इतिहासकारांनी ते झाकले, त्याला कारणे होती. आपल्याला तसे कारण नाही.

त्या वर्षी लोकांनी ते झाकले नव्हते. मराठी वर्तमानपत्रांनी बडोद्याच्या बातम्यांना रकानेच्या रकाने दिले. नारायण बापूजी कानिटकरांनी मल्हाररावांवर नाटक लिहिले. १८७६ मध्ये नाट्यप्रयोगांवर निर्बंध घालणारा कायदा आला. त्याचे तात्कालिक निमित्त कलकत्त्याच्या रंगभूमीचे असले, तरी रंगमंचावर राज्यकर्त्यांची जी चर्चा चालली होती, तिच्यात बडोद्याचाही विषय होता. ज्या राजाच्या नावाने वडोदऱ्यात रयत बोटे मोडत होती, त्याच्यासाठी पुण्यामुंबईचे लोक हळहळले. त्यांचे प्रेम मल्हाररावांवर नव्हते. तीन विरुद्ध तीन हा आकडा त्यांच्या मनातून जात नव्हता.

मल्हाररावांना एप्रिलमध्येच मद्रासला नेण्यात आले. नुंगमबाक्कम भागातल्या डव्हटन हाउस या बंगल्यात त्यांना ठेवले गेले. पुढे त्या आवारात स्त्रियांचे एक महाविद्यालय निघाले आणि तो बंगला त्याचा भाग झाला. तोफा ओतविणारा राजा तमिळ मुलखात, ना ओळखीची भाषा ना ओळखीची माणसे, सात वर्षे पहाऱ्यात राहिला आणि १८८२ मध्ये तेथेच वारला. त्याच वर्षी सार्जंट बॅलंटाइन यांच्या आठवणींचे पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. बडोद्याच्या खटल्याची हकीकत त्यात आहे. कर्नल फेअर दुसऱ्या अफगाण युद्धात सेनानी झाले आणि पुढे सर रॉबर्ट फेअर म्हणून निवृत्त झाले.